पाचशे अकरा कलमांचे आण्णा

मिरजेच्या दवाखान्यात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तिसऱ्या मजल्यावरची तीनशे दोन नंबरची खोली मिळाली, तेव्हा आण्णा पिशवी हातात धरून दारातच उभे राहिले आणि म्हणाले, खुनाच्या खोलीत मी झोपणार नाही. नर्सला वाटलं, माणूस भ्यालाय. तिनं समजूत काढली की इथं खूनबिन काही झालेला नाही, आणि पलीकडची तीनशे चार उघडून दिली. आण्णा म्हणाले, हा सदोष मनुष्यवध, आणि ह्याला ‘अ’चं शेपूट लावलं की हयगयीनं मृत्यू, म्हणजे थेट डॉक्टरांचंच कलम. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी असलं अभद्र कशाला? तीनशे सात म्हणजे खुनाचा प्रयत्न. तीनशे नऊ म्हणजे आत्महत्येचा. नर्स किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढं आणि आण्णा पिशवी घेऊन मागं, असा अख्खा मजला फिरून झाला. शेवटी तीनशे एकोणीसच्या दारात त्यांनी पिशवी खाली ठेवली.

‘‘ही द्या. हितं नुसती दुखापतीची व्याख्या हाय, शिक्षा न्हाई.’’

हे मी ऐकीव सांगत नाही. माझं माहेर मिरजेचं, मी रजेवर निघाले होते, म्हणून साहेबांनी आण्णांना माझ्या गळ्यात बांधलं होतं. नर्सनं मला बाजूला घेऊन विचारलं, हे काय ज्योतिषी आहेत का? म्हटलं, नाही बाई, पोलीस आहेत. तिला ते काही पटलं नाही.

आण्णा आमच्या ठाण्याचे रायटर. सातारा आणि कराडच्या मध्ये हायवेला लागून आमचं ठाणं आहे, नाव सांगत नाही. रायटर म्हणजे फिर्याद, जबाब, पंचनामा लिहिणारा हवालदार. साहेब बदलून जातात, जीप बदलते, रायटर तिथंच. मी भरती होऊन पहिल्यांदा ठाण्यात आले तेव्हा आण्णांनी माझा बक्कल नंबर बघितला, मनातल्या मनात त्या आकड्याचं कलम शोधलं, आणि ‘‘बरं हाय, काय वंगाळ न्हाई,’’ म्हणून मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली लिहायला शिकले. लिहायला म्हणजे अक्षरशः लिहायला. ते आधी सगळं हातानं लिहीत आणि मग मी ते कॉम्प्युटरला चढवायची.

मला त्यांचा लय राग यायचा, खरं सांगते. एका बाईच्या फिर्यादीत मी ‘फिर्यादीने हंबरडा फोडला’ असं लिहिलं, तर त्यांनी तो कागद माझ्यासमोर फाडला. बाई रडली ते तुला दिसलं, पण ती काय म्हणाली ते कुठं गेलं? तिचं तोंड आहे ना, मग तिच्या तोंडचं लिही. चार वेळा लिहायला लावलं. चौथ्या वेळेला हंबरडा नव्हता आणि जाऊबाईनं कोणत्या हातानं लाटणं मारलं ते होतं. पुढं त्याच कागदावर खटला उभा राहिला, पण तेव्हा मी त्यांच्या नावानं जी बोटं मोडली ती मोडलीच.

कलम लावायची त्यांना खोडच होती. चहात पाणी जास्त झालं की दोनशे बाहत्तर, अन्नात भेसळ. वरातीत डीजे वाजला की दोनशे नव्वद, सार्वजनिक उपद्रव. कोणाची म्हैस हायवेवर आली की दोनशे एकोणनव्वद. साहेबांनी शिवी हासडली की आण्णा तोंडातल्या तोंडात ‘पाचशे चार’ पुटपुटायचे आणि साहेब विचारायचे, काय म्हणालात? तर म्हणायचे, काही नाही, साहेब, आकडेमोड. घरी वहिनींनी तंबाखूची डबी लपवली तर तीनशे ऐंशी, राहत्या घरातली चोरी. वहिनी पण काही कमी नव्हत्या. त्या म्हणायच्या, भरा की खटला, जामीन राहायला तुमच्याशिवाय मला कोण हाय?

आणि पुस्तक. भारतीय दंड संहितेची एक जुनी मराठी प्रत त्यांच्याकडं होती, लाल बासनात गुंडाळलेली, पानं पापडासारखी. रोज सकाळी चहाबरोबर एक कलम वाचायचे. पाठ होतं सगळं, तरी वाचायचे. मी एकदा विचारलं, आण्णा, पाठ आहे तर वाचता कशाला? ते म्हणाले, तू जेवतेस ते काय चव माहीत नाही म्हणून?

त्या पुस्तकाचा इतिहास सुरू झाला की आण्णांना आवरायला दोन माणसं लागायची. खुर्चीच्या टोकावर यायचे, हात सुटायचे, समोर आरोपी बसला असेल तर त्यालाही ऐकावं लागायचं. एक गोरा साहेब. कलकत्त्याला आला. ना बायको, ना पोर. उकाड्यानं जीव जातोय, आणि हा बसून अख्ख्या हिंदुस्थानात कोणी कोणाला काय करू नये ते लिहून काढतोय. हिंदुस्थान बघितला किती, तर पालखीतनं दिसंल तेवढा. लिहून झालं आणि ते बाड तेवीस वर्षं पडून राहिलं. कोणी विचारीना. मग सत्तावन्नचं बंड झालं, कंपनी गेली, राणी आली, तवा ह्यांना जाग आली की आपल्याकडं एक पुस्तक हाय. ‘‘बंड झालं, न्हाईतर कायदा आला नसता, बघ,’’ असं म्हणून आण्णा आरोपीकडं बघायचे. आरोपी बिचारा मान हलवायचा.

वर आणि गंमत अशी की आण्णांच्या आज्याला बेचाळीसच्या चळवळीत ह्याच पुस्तकातली कलमं लावून आत टाकलं होतं. ते अभिमानानं सांगायचे. आज्याला ह्या पुस्तकानं आत घातलं आणि नातवाला ह्याच पुस्तकानं पोसलं, आता मी ह्याच्या पाया पडू का ह्याला लाथ घालू, तूच सांग. मी काय सांगणार कप्पाळ?

एक कलम मात्र त्यांच्या डोक्यात जायचं. चारशे एकोणतीस. जनावर ठार मारणं, विष घालणं. त्यात त्या गोऱ्यानं जनावरांची यादी दिली आहे: हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय. ह्यांची किंमत कितीही असो. आणि मग शेवटी, पन्नास रुपयांच्या वरचं ‘दुसरं कोणतंही जनावर’. आण्णा पानावर बोट आपटायचे. आमच्या माणदेशात, आटपाडीत, जतला लाखानं मेंढरं, आणि ह्याला आठवला कोण, तर हत्ती आणि उंट. खटावला उंट कोणी बघितलाय? धनगराची अख्खी जिंदगी त्या ‘दुसऱ्या कोणत्याही’मध्ये घातली बघ त्यानं. हे बोलताना ते असे लाल व्हायचे की जणू तो साहेब शेजारच्या खोलीत बसलाय आणि आता जाऊन त्याचा जबाब घ्यायचाय.

पुस्तकातली उदाहरणं म्हणजे तर त्यांची खरी करमणूक. प्रत्येक कलमाखाली उदाहरण असतं ना, ‘क’ हा ‘य’ला अमुक करतो, मग ‘क’नं अमुक गुन्हा केला. आण्णांच्या लेखी हे दोघं खरे होते, उंब्रजच्या बाजारात भेटतील असे. ‘क’ लय बेरकी. ‘य’चं कुत्रं आमिष दाखवून पळवतो, ‘य’ अंघोळीला बसला की उकळतं पाणी ओततो, ‘य’ची पालखी दांडा धरून अडवतो. दीडशे वर्षं झाली, गड्या, ‘य’ला एक दिवस सुखाचा न्हाई, तरी घरातनं बाहेर पडायचं काय सोडत न्हाई.

मग बातमी आली की हे पुस्तक बंद होणार. दोन हजार चोवीसचा एक जुलै, त्या दिवसापासून नवीन कायदा. पाचशे अकराची तीनशे अठ्ठावन्न कलमं. खुनाचा आकडा बदलला, फसवणुकीचा बदलला, चारशे वीस म्हणजे आता काहीच नाही. आम्ही सगळे घाबरलो होतो, पण आमच्यापेक्षा आण्णांची काळजी जास्त. कारण आण्णा तीस जूनला रिटायर. पुस्तक आणि माणूस एकाच दिवशी. ठाण्यात कुजबुज, म्हातारा हाय खाणार.

कशाची हाय? साताऱ्याला नवीन कायद्याचं तीन दिवसांचं ट्रेनिंग लागलं. महिन्याभरात घरी जाणाऱ्याला ते माफ होतं. आण्णा साहेबांच्या मागंच लागले, मला पाठवा. पहिल्या बाकावर बसले. नवी वही, दोन रंगांची पेनं. शिकवणाऱ्या वकीलसाहेबांना इतके प्रश्न विचारले की जेवणाच्या सुट्टीत ते आण्णांना चुकवून मागच्या दारानं गेले. मी डबा उघडून बसले होते, तर आण्णा नवीन पुस्तक नाचवत आले. डोळे असे चमकत होते. ‘‘हाय गं पोरी, ‘य’ हाय. पालखीत बसलाय अजून. गोऱ्यानं बसवलेली पालखी आपण काय अजून उतरवली न्हाई.’’ आणि जनावराच्या कलमातनं हत्ती, उंट, पन्नास रुपये सगळं गेलं होतं. आता नुसतं ‘कोणतंही जनावर’. मेंढरू हत्तीच्या बरोबरीला आलं म्हणून आण्णांनी त्या दिवशी सगळ्या वर्गाला चहा पाजला, आणि चहा पातळ होता तरी कलम लावलं नाही.

तीस जूनला रविवार होता. शाल-श्रीफळ आदल्या दिवशीच झालेलं. तरी आण्णा सकाळी आठला कडक इस्त्रीचा गणवेश घालून टेबलावर हजर. त्यांची एक इच्छा होती. जुन्या पुस्तकाखालचा आमच्या ठाण्यातला शेवटचा गुन्हा त्यांच्या हातानं लिहायचा. आणि साधासुधा नको. चौतीस वर्षांच्या नोकरीला शोभंल असा, भारदस्त कलमाचा. आम्ही चेष्टा करून करून त्यांना हैराण केलं. एक जण म्हणाला, आण्णा, तुमची गाडी चोरू का? दुसरा म्हणाला, नको, साहेबांची चोर, कलम तेच पण मान मोठा.

आणि त्या दिवशी आमच्या हद्दीत कोणी काही करीना. एकाचा मोबाईल हरवला होता. एकाला पासपोर्टच्या चौकशीचं विचारायचं होतं. दोघं एसटीतल्या सीटवरून भांडत आले आणि दारातच मिटवून चहाला गेले. आण्णा दर तासाला पेनाचं टोपण काढायचे, परत लावायचे.

दुपारी तीनला ती आली. पन्नाशीची धनगरीण, माणदेशातली, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. कोकणातनं परत निघालेली मेंढरं पाटणच्या रस्त्यानं खाली येतात आणि हायवे ओलांडून पूर्वेला जातात, त्यातली. त्या वर्षी त्यांना उशीर झाला होता. ती म्हणाली, ज्याच्या उसाच्या कडंला आम्ही उतरलोय तो बागायतदार दम देऊन गेला. पुन्हा बांधाला मेंढरू दिसलं तर औषध घालून मारीन म्हणतोय. एवढं लिहून घ्या.

आण्णांनी पेनाचं टोपण काढलं, आणि लावलं. नुसता दम. अदखलपात्र. म्हणजे वहीत नोंद करायची, एक प्रत द्यायची, आणि कोर्टानं सांगितल्याशिवाय पुढं काही करायचं नाही. शेवटच्या दिवशी शेवटचा कागद असला? ते तिला गोड शब्दांत म्हणाले, बाई, तुम्ही उद्या जाणार पुढं, कागद घेऊन काय करणार, त्यापेक्षा मेंढरं जरा पलीकडं न्या. ती म्हणाली, कोकरं दमल्यात, पाय सुजल्यात, उद्याशिवाय हलत न्हाईत. मग गेली.

मी तिथंच होते. चहाचे कप उचलत होते. आण्णांनी लिहून घेतलं नाही हे मी बघितलं, आणि एरवी हंबरड्यावरून कागद फाडणारा हा माणूस आज असा का, असं माझ्या मनात आलंसुद्धा. पण मी बोलले नाही. म्हटलं, आजचा दिवस आहे त्यांचा. संध्याकाळी आण्णांनी कोरा कागद घडी करून खिशात घातला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जत्रा. अंगणात मांडव, नवीन कायद्याचा फलक, गावातली बडी मंडळी खुर्च्यांवर. आमचे साहेब तरुण, हौशी. जिल्ह्यात नव्या कायद्याचा पहिला गुन्हा आपल्याकडं दाखल व्हावा, पेपरात फोटो यावा, अशी त्यांची फार इच्छा. आण्णा मुद्देमालाच्या खोलीच्या किल्ल्या द्यायला आले होते, पांढरा सदरा घालून. साहेबांनी त्यांना मागच्या रांगेत बसवलं.

साडेदहाच्या सुमाराला ती धनगरीण मांडवात शिरली. घोंगड्यात गुंडाळून एक मेंढी आणली होती. ती तिनं पायऱ्यांसमोर ठेवली आणि घोंगडं बाजूला केलं. तोंडाला फेस वाळलेला. अशी नऊ मेलीत म्हणाली, आणि दुसऱ्या रांगेत बसलेल्या बागायतदाराकडं काठी रोखली. दिवस मावळायच्या वक्ताला बांधावर भुसा टाकलेला होता, मेंढरांनी खाल्ला, पहाटेपर्यंत एकेक पडली.

बागायतदार शांतपणे उठला. म्हणाला, मेंढरं मेली सकाळी. मी काल अंधार पडल्यावर महाबळेश्वरला पाहुण्यांच्या हॉटेलात गेलो, तिथून थेट इथं साहेबांसमोर येऊन बसलोय. वाटंत कुठं काय खाल्लं असंल त्यांनी. ह्याचा माझ्यावरच आळ कशाला?

साहेबांना तर सोन्यासारखं झालं. मेंढरं मेली एक जुलैला, नवीन कायद्याचं कलम तीनशे पंचवीस, आरोपी अज्ञात. गुन्हा दाखल झाला, पाहुणा दुखावला नाही, फोटोग्राफर हजरच. मला म्हणाले, घ्या टाइप करायला. मी आत जाऊन बसले. तारीख एक जुलै, वेळ पहाटे, आरोपी अज्ञात. काल तीनला ती काय सांगून गेली होती ते मला माहीत होतं. तरी बोटं चालत होती. ही माझी लाज आहे, ती मी इथं सांगून टाकते.

बाहेर आण्णांचा आवाज आला. ‘‘साहेब, तारीख चुकतीया.’’

मी खिडकीतून बघितलं. मागच्या रांगेतनं ते उभे राहिले होते. साहेब हसत म्हणाले, आण्णा, आज तुम्ही पाहुणे, बसा. आण्णा बसले नाहीत. म्हणाले, मेंढरांनी औषध खाल्लं काल दिवस मावळताना, म्हणजे गुन्हा कालचा, आणि कालच्याला जुनंच पुस्तक लागतं, ज्या दिवशी केलं त्या दिवशीचा कायदा. नवीन कलम मलाबी आवडतं, त्यात मेंढरू हत्तीएवढं हाय, पण ते कालच्याला लावता येत न्हाई. साहेबांचं हसू कमी झालं. कालचाच कशावरून, ही बाई म्हणते म्हणून?

‘‘न्हाई. काल दुपारी तीनला ती माझ्याकडं आलती. ह्यांनी औषध घालीन म्हनून दम दिलाय, असं सांगायला. मी लिवून घेतलं न्हाई.’’

बागायतदार खाली बसला. धनगरीण काठीला टेकून आण्णांकडं बघत राहिली, आणि तिनं मान एकदाच हलवली, हो म्हणून.

साहेबांनी आण्णांना माझ्याच खोलीत आणलं आणि दार लावलं. ते माणूस वाईट नव्हते. कळवळून म्हणाले, आण्णा, तुमचे पेन्शनचे कागद अजून निघायचेत. चौकशी लागेल. डायरीत नोंद नाही म्हणजे ती बाई आलीच नाही. तुम्ही गप्प बसलात तर कोणाला कळणार आहे?

‘‘तिला कळतंय की,’’ आण्णा म्हणाले.

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर ती मेंढी तशीच पडली होती आणि फोटोग्राफर तिच्याकडं कॅमेरा न लावता उभा होता. मग साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, मघाचं खोडा, आण्णांचा जबाब घ्या. आणि दार उघडून बाहेर गेले.

चौतीस वर्षं दुसऱ्यांचे जबाब लिहिणारा माणूस माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसला, फिर्यादी-साक्षीदार बसतात त्या. नाव, वय सांगितलं. धंदा म्हटल्यावर अडखळले, मग म्हणाले, सेवानिवृत्त. मग सरळ सांगत गेले. मला शेवटचा गुन्हा मोठा पाहिजे होता. बाईचं सांगणं मला लहान वाटलं. मी तिला परत पाठवलं. इकडं मी टाइप करत होते आणि मला वाटत होतं, काय माणूस आहे हा, काय माणूस आहे.

मग ते म्हणाले, ‘‘त्या वेळी ठाण्यात मी एकटाच होतो, दुसरं कोणी नव्हतं.’’

माझी बोटं थांबली. आण्णा टेबलाकडं बघत होते. ‘‘लिव गं पोरी. तुझी नोकरी अजून तीस वर्षांची हाय.’’

ज्यांनी मला एका हंबरड्यासाठी चार वेळा लिहायला लावलं, ते मला खोटं लिही म्हणत होते. माझ्यासाठी. मला रडू आलं, रागही आला, दोन्ही एकदम. मी टाइप केलं. जबाब पूर्ण झाला तसा त्यांच्याच शिकवणीप्रमाणं मोठ्यानं वाचून दाखवला. ‘एकटाच होतो’च्या जागी मी वाचलं, त्या वेळी महिला पोलीस अंमलदार, आणि पुढं माझं नाव, माझा बक्कल नंबर, या तेथे हजर होत्या व त्यांनी बाईचे बोलणे ऐकले.

आण्णांनी कागद माझ्या हातातून घेतला. ती ओळ दोनदा वाचली. मला वाटलं, फाडतात आता. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि सही केली. म्हणाले, ‘‘बराबर हाय.’’ नंतर शेजारच्या सहकाऱ्याला बोलावून मी माझाही जबाब दिला.

गुन्हा जुन्या पुस्तकाखाली दाखल झाला, चारशे एकोणतीस, आरोपीच्या नावासह. साहेबांचा फोटो पेपरात आला नाही. मेंढ्यांच्या पोटात निघालेलं औषध आणि बागायतदाराच्या खोपीतल्या डब्यातलं औषध एकच निघालं. कोर्टात त्याच्या वकिलानं आण्णांना पुरतं सोलून काढलं. कसले रायटर तुम्ही, कर्तव्यात कसूर, म्हाताऱ्या माणसाला आठवतं तरी का? आण्णा सगळ्याला व्हय म्हणाले, आणि फक्त तारीख आणि वेळेपाशी हटले नाहीत. मग मी उभी राहिले. बागायतदाराला शिक्षा झाली. अपील साताऱ्यात पडून आहे. आण्णांना खात्याची नोटीस आली, मला लेखी समज मिळाली. आण्णांचं प्रकरण कोणत्या टेबलावर बसलंय ते ते टेबलच जाणे. त्यांना विचारलं की कोणत्या नियमाखाली काय होऊ शकतं ते असं रंगवून सांगतात की जसं काही दुसऱ्या कोणाचं चाललंय.

आता त्यांच्या टेबलावर मी बसते. गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळपासून अपघाताच्या पंचनाम्यात बुडाले होते, मान वर करायला सवड नाही, आणि बाहेर ओळखीच्या गाडीचा आवाज आला. आण्णांच्या जुन्या स्कूटरवर मागं ती धनगरीण बसलेली, एका हातानं काठी आडवी धरून, येणारे-जाणारे थांबून बघतायत. आण्णा आत आले नाहीत. फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर बसून त्यांनी चहावाल्याशी दुधावरून वाद सुरू केला. ती एकटी आत आली.

म्हणाली, उंब्रजच्या अलीकडं उतरलोय. दोन पोरं येऊन गेली, पुन्हा दिसलात तर कुत्री सोडू म्हणाली. मी पंचनाम्यावरून डोळे न काढता सवयीनं विचारलं, किती मेंढरं मेली?

‘‘एकबी न्हाई. समदी जित्ती हायत,’’ ती म्हणाली. ‘‘म्हनून तर आले.’’

मी पंचनामा बाजूला सारला, तिला खुर्ची दिली आणि वहीत तारीख घातली.